सान कोस्मेचे खगोलकार पाद्री बुएनाव्हेंतुरा सुआरेस आणि त्यांच्या दुर्बिणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, स्पॅनिश अमलाखालील दक्षिण अमेरिकेत, पराना नदीच्या परिसरातील ग्वारानी या मूळ रहिवासी लोकांच्या एका वस्तीत राहून एका मिशनरी पाद्र्याने स्वतः भिंगे घासली, दुर्बिणी आणि घड्याळ तयार केले आणि गुरूच्या उपग्रहांचे वेध घेतले. मराठीत त्यांच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. जे लिहिले जाते त्यात 'जंगलातला एकाकी प्रतिभावंत' हा सूर अधिक असतो आणि यंत्रे चालत कशी होती याकडे दुर्लक्ष होते. खालील उत्तरांत भर यंत्रांवर आणि वेधांवर आहे.

बुएनाव्हेंतुरा सुआरेस कोण होते?

सुआरेस यांचा जन्म 1670 च्या दशकाच्या अखेरीस सांता फे या गावी झाला. हे गाव आज अर्जेंटिनात आहे. ते युरोपातून आलेले मिशनरी नव्हते, वसाहतीतच जन्मलेल्या स्पॅनिश घराण्यातले होते. 1695 मध्ये त्यांनी जेझुइट संघात, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघात, प्रवेश केला, दीक्षेनंतर ग्वारानी लोकांच्या मिशन-वस्त्यांत त्यांची नेमणूक झाली आणि 1750 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे आयुष्य मुख्यतः तेथेच गेले. युरोपातील एखाद्या वेधशाळेत प्रत्यक्ष उमेदवारी करण्याची संधी त्यांना कधी मिळाली नाही, ही गोष्ट पुढचे सारे वाचताना लक्षात ठेवावी.

सान कोस्मे हे ठिकाण कोठे आहे?

वस्तीचे पूर्ण नाव सान कोस्मे इ दामियान. आज या नावाचे गाव पॅराग्वे देशाच्या इतापुआ विभागात, सुमारे 27 अंश दक्षिण अक्षांशावर आहे. मात्र जेझुइट वस्त्या एका जागी स्थिर राहत नसत. हल्ले, साथी, नदीचे पूर आणि जमिनीचे प्रश्न यांमुळे त्या हलवल्या जात आणि सान कोस्मेही एकाहून अधिक वेळा हलले. सध्याच्या जागी ही वस्ती सुआरेस यांच्या निधनानंतर आली. त्यामुळे 'याच अंगणात बसून त्यांनी वेध घेतले' असे जे प्रवासवर्णनांत वाचायला मिळते, ते शब्दशः घेऊ नये.

त्यांनी युरोपातून तयार दुर्बीण का मागवली नाही?

याचे उत्तर त्यांनी आपल्या छापील पंचांगाच्या (त्याविषयी पुढे येईल) प्रस्तावनेत स्वतःच दिले आहे. या प्रांतांत गणिती शास्त्रांचा अभ्यास रुजलेला नसल्यामुळे तशी यंत्रे युरोपातून इकडे आणलीच जात नाहीत आणि आपण ती स्वतःच्या हातांनी तयार केली नसती तर हे वेध घेणे शक्यच झाले नसते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. वाक्यात तक्रारीचा सूर नाही. बाजारात माल नव्हता म्हणून तो घरी केला, इतक्या साधेपणाने ते सांगतात. युरोपात तयार झालेली चांगली यंत्रे त्यांच्या हाती आली ती 1740 च्या दशकात, म्हणजे आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात. तोवर त्यांचे मुख्य काम होऊन गेले होते.

भिंगे कशापासून तयार केली होती?

स्थानिक स्फटिकापासून, म्हणजे पारदर्शक गारेपासून. दुर्बिणीला चालेल अशी काच मिशन-वस्त्यांत उपलब्ध नव्हती. बुडबुडे आणि रेघा नसलेला काचेचा जाड तुकडा मिळवणे त्या काळी युरोपातल्या भिंगकारांनाही जड जात असे. पराना नदीचा प्रदेश मात्र ज्वालामुखीजन्य काळ्या पाषाणाचा आहे आणि त्या पाषाणाच्या पोकळ्यांत गार, अकीक आणि जांभळा स्फटिक भरपूर सापडतो. महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल, कारण दख्खनचा कातळही त्याच जातीचा आहे आणि आपल्याकडच्या खाणींतही अशाच पोकळ्यांतून स्फटिक निघतात.

स्फटिकाचे भिंग करणे हे काचेच्या भिंगापेक्षा पुष्कळ कठीण काम आहे. खनिजांच्या काठिण्याच्या दहा पायऱ्यांच्या मापात गारेचा क्रमांक 7 लागतो. साधी काच साडेपाचच्या आसपास असते. काच वाळूने घासता येते, पण वाळू म्हणजे स्वतःच गारेचे कण, त्यामुळे वाळूने स्फटिक घासायला बसले तर काम अतिशय सावकाश चालते. त्यासाठी कुरुंदासारखे अधिक कठीण चूर्ण हवे. आधी धातूच्या उथळ वाटीसारख्या साच्यावर तुकडा फिरवून त्याला गोलाई आणायची, मग क्रमाक्रमाने बारीक चूर्ण वापरून ओरखडे काढायचे आणि शेवटी जिल्हई द्यायची, असा या कामाचा सर्वसाधारण क्रम असतो. ज्यांनी हौशी मंडळींच्या कार्यशाळेत दुर्बिणीचा आरसा घासला आहे, त्यांना या कामात खांदे किती भरून येतात हे वेगळे सांगायला नको.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. स्फटिकात प्रकाशाचे दुहेरी अपवर्तन होते, म्हणजे एक किरण शिरला की काही दिशांना त्याचे दोन होतात आणि प्रतिमा दुहेरी दिसते. ते टाळायचे तर तुकडा स्फटिकाच्या लांबीच्या अक्षाला काटकोनात कापावा लागतो. निसर्गतः वाढलेल्या स्फटिकाचे सहा पैलू पाहून हा अक्ष ओळखणे अवघड नाही, पण नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झालेला तुकडा हाती आला तर पंचाईत होते. या सगळ्यात जमेची बाजू एकच : साध्या काचेपेक्षा स्फटिकात रंगांची फाकणी थोडी कमी होते.

त्यांच्या दुर्बिणी किती मोठ्या होत्या आणि इतक्या लांब का?

त्यांनी दोन बहिर्वक्र भिंगांच्या, म्हणजे केप्लर पद्धतीच्या, अनेक दुर्बिणी तयार केल्या. त्यांची लांबी 8 पासून 23 स्पॅनिश फुटांपर्यंत होती. कॅस्टीलचा फूट सुमारे 28 सेंटिमीटरचा धरला, तर ही लांबी साधारण सव्वादोन मीटरपासून जवळजवळ साडेसहा मीटरपर्यंत जाते. 8 आणि 10 फुटी दुर्बिणी ते सूर्य-चंद्राच्या ग्रहणांसाठी वापरत आणि 13 फुटांपासून पुढच्या लांब दुर्बिणी गुरूच्या उपग्रहांसाठी राखून ठेवत.

लांबीचे कारण वर्णदोष. एकाच भिंगातून जाणारा निळा आणि तांबडा प्रकाश वेगवेगळ्या अंतरावर एकवटतो, त्यामुळे ताऱ्याभोवती रंगीत कडे दिसते. भिंगाचा बाक कमी ठेवून नाभीय अंतर वाढवले की दोष सुसह्य होतो, पण भिंगाचा व्यास दुप्पट केला तर लांबी चौपट करावी लागते, असा हा महागडा व्यवहार आहे. दोन प्रकारच्या काचा जोडून वर्णदोष घालवणाऱ्या भिंगाचे पेटंट लंडनच्या डॉलंडला 1758 मध्ये मिळाले. सुआरेस त्याआधी आठ वर्षे वारले होते. तोवर पॅरिस असो वा पराना, सर्वांना लांब नळ्यांशीच झुंजावे लागे. साडेसहा मीटरचा दांडा वाऱ्यात हलू न देता, आकाशाच्या फिरण्याबरोबर गुरूवर रोखून ठेवणे हे एकट्या माणसाचे काम नव्हे, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न टाळता येत नाही.

हे सर्व त्यांनी खरोखर एकट्याने केले का?

प्रस्तावनेत ते 'माझ्या हातांनी' असे म्हणतात आणि त्यांच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही या वस्त्यांत कोणती कामे होत होती ते पाहिले, तर 'एकट्याने' हा शब्द लेखकांनी नंतर चिकटवलेला आहे हे कळते. ग्वारानी कारागीर तेथे दगड आणि लाकूड कोरत, धातू ओतत, वाद्ये तयार करत. अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांनी छापखाना चालवला आणि 1705 मध्ये छापलेल्या एका धार्मिक ग्रंथातील ताम्रपट्टी चित्रांपैकी एकावर हुआन यापारी या ग्वारानी कोरणाऱ्याची सही आहे. जेथे धातूवर इतके बारीक काम होत होते, तेथे घड्याळाची चाके कापायला आणि कोनमापकाच्या कमानीवर बारीक खुणा पाडायला सराईत हात मिळाले नसतील, असे मानणे अवघड आहे.

यापारीचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याने सही केली. दुर्बिणींच्या नळ्या करणाऱ्यांची, रात्री दोर धरून बसणाऱ्यांची नावे पंचांगात आलेली नाहीत. या वस्त्यांकडे पाहण्याच्या दोन टोकांच्या दृष्टी आहेत. एका दृष्टीने त्या माणसे पकडून गुलाम करणाऱ्यांपासून ग्वारानींना वाचवणारे आश्रयस्थान होत्या, तर दुसऱ्या दृष्टीने त्यांच्या श्रमांवर आणि श्रद्धांवर ताबा ठेवणारी व्यवस्था. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि सुआरेस यांची वेधशाळा त्या दोन्हींच्या आधाराने उभी होती. ग्वारानींचे स्वतःचे आकाशज्ञानही होते. आपण जिला आकाशगंगा म्हणतो, ती त्यांच्या बोलीत तापीर या प्राण्याची वाट आहे.

गुरूच्या उपग्रहांचे वेध घेण्याचा उद्देश काय होता?

रेखांश काढणे. कोणत्याही गावाचा अक्षांश ताऱ्यांच्या किंवा माध्यान्हीच्या सूर्याच्या उंचीवरून मिळतो, पण रेखांशासाठी दोन दूरच्या ठिकाणच्या स्थानिक वेळांमधला फरक कळावा लागतो. तार नाही, रेडिओ नाही, समुद्रप्रवासात विश्वास ठेवावा असे घड्याळ नाही, अशा काळात दोन्हीकडून एकाच क्षणी दिसणारी एखादी घटना शोधणे हाच उपाय होता. चंद्रग्रहण ही अशी घटना आहे, पण ती वर्षातून फार तर दोन-तीनदा घडते आणि पृथ्वीच्या सावलीची कड पुसट असल्याने क्षण नेमका पकडता येत नाही.

गुरूचा सर्वांत आतला मोठा उपग्रह मात्र सुमारे साडेबेचाळीस तासांत एक फेरी पूर्ण करतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत शिरतो. म्हणजे आकाशात टांगलेले एक घड्याळच. पॅरिसमध्ये कासिनीने सतराव्या शतकात या घटनांची कोष्टके तयार केली होती. सान कोस्मेत उपग्रह सावलीत लुप्त झाल्याची किंवा पुन्हा प्रकट झाल्याची स्थानिक वेळ टिपायची, तीच घटना युरोपात कोणत्या स्थानिक वेळी दिसली ते पुढे पत्रातून मागवायचे आणि फरकाच्या दर तासाला 15 अंश धरायचे, इतके हे गणित सोपे आहे.

अवघड होते ते टिपणे. उपग्रह दिवा विझावा तसा एकदम नाहीसा होत नाही, काही मिनिटांत हळूहळू मंदावतो, आणि लहान भिंगातून तो लवकर दिसेनासा होतो तर मोठ्या भिंगातून उशिरा. वेळेत एका मिनिटाची चूक झाली की रेखांशात पाव अंशाची चूक होते आणि 27 अंश अक्षांशावर ती जमिनीवरच्या सुमारे 25 किलोमीटरइतकी भरते. म्हणूनच एका वेधावर भिस्त ठेवता येत नाही. सुआरेस यांनी सान कोस्मेत 13 वर्षे हे वेध घेतले आणि त्यांपैकी सर्वांत काटेकोर असे 147 निवडले. सरासरी काढली तर वर्षाला अकराच्या आसपास. गुरू सूर्याजवळ असतानाचे महिने, ढग, पाऊस, दिवसा घडणाऱ्या घटना आणि वस्तीतली इतर कर्तव्ये वजा केली, तर ही संख्या लहान वाटत नाही.

मग घड्याळाचे काय?

या विषयात दुर्बिणीचे कौतुक सगळे करतात, घड्याळाचे कोणी करत नाही, आणि हा उलटा न्याय आहे. वेधाचा क्षण डोळ्याने पकडला तरी तो किती वाजता होता हे घड्याळच सांगणार. सुआरेस यांनी मिनिट आणि सेकंद दाखवणारे लंबकाचे घड्याळ केले आणि ते रोज सूर्याशी जुळवण्यासाठी, प्रत्येक अंश मिनिटा-मिनिटांत विभागलेले तुरीय यंत्र, म्हणजे पाव वर्तुळाचा कोनमापक, तयार केला. अशा यंत्राने सूर्याची सकाळची एक उंची मोजायची, दुपारनंतर तो पुन्हा त्याच उंचीवर आला की वेळ टिपायची आणि दोन्ही वेळांचा मध्य काढायचा. किरकोळ दुरुस्ती केली की खरा माध्यान्ह मिळतो. उष्णतेने लंबकाची दांडी लांबते आणि घड्याळ मागे पडते, त्यामुळे पॅराग्वेच्या उन्हाळ्यात ही पडताळणी वारंवार करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्यांच्या पंचांगात काय आहे?

'लुनारिओ दे उन सिग्लो', म्हणजे एका शतकाचे चांद्रपंचांग, हे त्यांचे मुख्य पुस्तक. जानेवारी 1740 ते डिसेंबर 1841 या काळातील चंद्र-सूर्याच्या युती-प्रतियुती, म्हणजे अमावास्या आणि पौर्णिमा, तसेच चंद्राचे दोन्ही चतुर्थांश आणि पॅराग्वेच्या मिशन-वस्त्यांतून दिसणारी ग्रहणे त्यात दिली आहेत. पुस्तकाच्या शेवटी असे सोपे नियम आहेत की गणित न शिकलेल्या माणसालाही तेच पंचांग 1842 पासून 1903 पर्यंत पुढे नेता यावे.

आपल्याकडे दृक्प्रत्ययाचा, म्हणजे गणित आकाशाशी जुळते की नाही याचा, वाद एकोणिसाव्या शतकात पंचांगकारांमध्ये रंगला. सुआरेस यांच्या पुस्तकाचे बळही नेमके तेथेच आहे. त्यांनी युरोपातले आकडे नुसते उतरवून घेतले नाहीत, स्वतःच्या वेधांनी आधी आपली रेखांशरेषा पक्की केली आणि वेळा त्या रेषेसाठी दिल्या. ही रेषा सान कोस्मेची. जुन्या भारतीय ज्योतिषात उज्जयिनीच्या मध्यरेषेला जे स्थान आहे, ते या पुस्तकात एका ग्वारानी गावाला मिळाले आहे आणि इतर शहरांसाठी किती वेळ मिळवायचा वा वजा करायचा याचे कोष्टक आरंभी जोडले आहे.

मिशन-वस्त्यांतला छापखाना 1727 नंतर बंद पडला होता, त्यामुळे पुस्तक समुद्रापलीकडे छापावे लागले : लिस्बनला 1748 मध्ये आणि बार्सेलोनाला 1752 मध्ये.

त्यांचे वेध युरोपात कोणी वाचले?

त्यांचे वेध ज्यांच्या वेधांशी ताडून पाहिले गेले, त्यांत सेंट पीटर्सबर्गचे खगोलकार दलील, लिमाचे पेद्रो दे पेराल्ता आणि पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) दरबारातील जेझुइट खगोलकार क्योग्लर होते. पराना आणि पेकिंग यांना जोडणारी ही टपाल-व्यवस्था येशूसंघाची होती आणि एका पत्राच्या उत्तराला वर्षे लागत. 1706 ते 1730 या काळातील त्यांचे वेध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' या नियतकालिकात 1740 च्या दशकाच्या अखेरीस लॅटिनमध्ये प्रसिद्ध झाले. ते तेथे पोहोचवणारे याकोब दे कास्त्रो सार्मेन्तो हे पोर्तुगीज ज्यू वैद्य होते, इन्क्विझिशनच्या, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाच्या, भीतीने मायदेश सोडून लंडनला आलेले. कॅथलिक पाद्र्याची टिपणे प्रॉटेस्टंट देशातल्या संस्थेत एका ज्यू निर्वासिताने सादर करावीत, यातला विरोधाभास नजरेआड करण्यासारखा नाही.

त्यांनी एखादा नवा ग्रह किंवा धूमकेतू शोधला का?

नाही. त्यांचे काम मोजमापाचे होते, शोधाचे नव्हते.

सान कोस्मे ही दक्षिण गोलार्धातील पहिली वेधशाळा होती का?

असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते, पण ते चूक आहे. डच ताब्यातील ब्राझीलमध्ये, आजच्या रेसिफे शहरात, गेओर्ग मार्कग्राफ यांनी 1639 मध्येच वेधशाळा उभारली होती. 'अमेरिकेतील पहिले खगोलकार' हा दावा तर त्याहून अविचारी, कारण माया ज्योतिष्यांना तो विसरतो. रिओ दे ला प्लाता प्रदेशात, म्हणजे आजच्या अर्जेंटिना-पॅराग्वेच्या भागात, जन्मलेले पहिले खगोलकार म्हणजे सुआरेस, इतके म्हणणे योग्य ठरेल आणि पुरेसेही.

भारतातील जेझुइट खगोलकारांशी त्यांचा संबंध होता का?

थेट संबंध नव्हता, पद्धत मात्र एकच होती. 1689 मध्ये पाँडिचेरीला धूमकेतू पाहत असताना फादर रिशो यांना मित्र हा तारा, म्हणजे अल्फा सेंटॉरी, जोडतारा असल्याचे दिसले. 1734 मध्ये चंद्रनगरचे दोन फ्रेंच जेझुइट सवाई जयसिंहाच्या निमंत्रणावरून जयपूरला गेले आणि वाटेत त्यांनी गावोगावचे अक्षांश-रेखांश ठरवले. सुआरेस आपले काम करत होते तो हाच काळ. फरक असा की भारतातल्या या पाद्र्यांकडे युरोपात तयार झालेली यंत्रे होती.

1750 नंतर काय झाले?

सुआरेस वारले त्याच वर्षी स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यात माद्रिदचा तह झाला आणि उरुग्वाय नदीच्या पूर्वेकडील सात मिशन-वस्त्या पोर्तुगालला देण्याचे ठरले. त्यातून ग्वारानी युद्ध पेटले. 1767 मध्ये राजा तिसरा कार्लोस याने जेझुइटांना स्पॅनिश राज्यातून हद्दपार केले. वस्त्या ओस पडत गेल्या आणि वेधांची परंपरा तुटली. पंचांग मात्र आपल्या गणिताप्रमाणे 1841 पर्यंत चालणारच होते.

आज तेथे काय पाहायला मिळते?

सान कोस्मे इ दामियानमध्ये मिशनच्या वास्तू, त्या काळातील दगडी छायाघड्याळ आणि सुआरेस यांच्या नावाचे खगोल माहिती केंद्र आहे. पॅराग्वेतील त्रिनिदाद आणि हेसूस या दोन मिशन-वस्त्या युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत, सान कोस्मे नाही. 6438 क्रमांकाच्या लघुग्रहाला सुआरेस यांचे नाव देण्यात आले आहे.

छायाघड्याळ पाहताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. या अक्षांशावर माध्यान्हीचा सूर्य वर्षभर उत्तरेकडेच असतो, त्यामुळे दुपारची सावली दक्षिणेला पडते. शिवाय पॅराग्वेची सध्याची प्रमाणवेळ या गावाच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे पाऊण तास पुढे आहे, म्हणून मनगटावरच्या घड्याळात पाऊण वाजण्याच्या सुमारास दगडावरची सावली बारावर येते. ऋतूनुसार यात पाव तासापर्यंत फरक पडतो. सुआरेस आपले लंबकाचे घड्याळ ज्या वेळेशी जुळवत, ती दगडावरची.